ट्रंकेतली बाळोती

कातळशेत, खालची वाडी
६ ऑक्टोबर २०२४

चि. सौ. क्षितिजा हीस,
आईचे अनेक आशीर्वाद. आशीर्वाद पहिल्या ओळीत उरकले, आता ओरडा ऐक.

सिद्धेश उद्या दुकानाचा माल आणायला मुंबईला निघतोय. त्याच्या हाती हे गाठोडं आणि हे पत्र देतेय. येताना नायगावला उतरून घरी पोचवीन म्हणालाय, त्याला चहावर भागवू नकोस, जेवायला घाल. खाली वाडीत अजून रेंज नाही, आणि सड्यावर चढून फोन करायचं आता माझ्या गुडघ्यांना जमत नाही. शिवाय त्याच्या दुकानासमोर उभं राहून बोलायचं म्हणजे सगळ्या गावाला बातम्या सांगितल्यासारखं. त्यापेक्षा आपली पत्रं बरी.

मागच्या पत्रात तू लिहिलंस की मोबाइलवर कापडी डायपर बघून ठेवलेस. बाजूला बटणं, आत घालायला पॅड, वरून पाणी न झिरपणारं कापड आणि त्यावर जिराफ. अगं, बाळाच्या ढुंगणाला जिराफ कशाला? तो काय त्याला दिसणार आहे? हौस असेल तर घे बापडी, पण बारसं होईपर्यंत आपल्यात बाळाच्या अंगाला नवं कापड लावत नाहीत हे विसरू नकोस. तोवर जुनेरंच. जुनं कापड मऊ असतं, बोचत नाही, आणि घरातल्या माणसांनी वापरलेलं असतं.

गाठोड्यात लंगोट आहेत, बाळोती आहेत, चार दुपटी आणि दोन टोपडी. माझ्या सुती पातळांची आहेत. पांढरी शुभ्र जी दिसतील ती तुझ्या बाबांच्या धोतराची. तुझं लग्न ठरलं त्या वर्षी त्यांनी स्वतः बसून ते धोतर फाडून दिलं होतं, नातवंडासाठी म्हणून. मी हसले होते की अजून अक्षता पडायच्यात. आता ते नाहीत, कापड आहे. तेव्हापासून ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून जपलंय, एका धाग्याला कसर लागू दिली नाही.

एक सांगते. गाठोडं आलं की लगेच धुवायला टाकू नकोस. मी आपल्या विहिरीच्या पाण्यात रिठ्यानं धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच ठेवलेत. तुमच्याकडचं टँकरचं मचूळ पाणी लागलं की ते राठ होतील. तसेच वापर. घाण झाले की मग धू.

वाडीत कुणाकडेही बाळ झालं तरी पहिलं लंगोट माझ्या ट्रंकेतलं असतं, आणि माझ्या स्वतःच्या नातवंडाला मी हातानं बांधायची नाही म्हणजे बघ. पण तुझ्या रक्तदाबामुळे डॉक्टरांनी प्रवास नको म्हटलं, आणि इथे भात कापणीला आलंय, गाय व्यायला झालीय. भात घरात आलं की बारशाला येतेच.

विहीणबाईंना नमस्कार सांग. जावईबापूंना म्हणावं, रजा आत्ताच संपवू नका. माया आहेच, ती पत्रात मावत नाही.

तुझी
आई

*

नायगाव (पूर्व)
१९ ऑक्टोबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि. (सगळी अक्षरं नीट लिहिली, बघून घे.)

बाळ झाल्याचा निरोप सिद्धेशने सड्यावरून खाली आणलाच असेल. मुलगा आहे. कपाळ बाबांचं, रुसल्यावर ओठ तुझे. कल्पेश म्हणतो, माझं काहीच नाही का? मी म्हटलं, घोरणं तुझं आहे.

परवा घरी आलो. हॉस्पिटलात वापरून फेकायचे डायपर लावत होते, त्याने मांडीत लाल रेघा उठल्या. माझे जिराफवाले आले, पण ते त्याला एवढे मोठे होतात की बाळाने पोतं नेसल्यासारखं दिसतं. शेवटी तुझं गाठोडं सोडलं. आई, उघडल्या उघडल्या तुझ्या ट्रंकेचा वास आला आणि मला रडूच फुटलं. आपली माळ्याखालची खोली डोळ्यांसमोर आली. तू म्हणालीस तसंच केलं, न धुता वापरतेय. बाबांच्या धोतराचं लंगोट त्याला पहिलं बांधलं. दुपटं खाली एक, वर एक, उशाशी एक.

यावरून इथे थोडी कुरबुर झाली. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्यात. वसईच्या त्यांच्या घरी अंगणात विहीर, इथे अकराव्या मजल्यावर टँकर येईल तेव्हा पाणी. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या की एवढी बाळोती धुवायला पानी कुठून आनायचं, पुडीतले डायपर काय वाईट आहेत? ते मी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की या कपड्यांचा वास फार उग्र आहे, डोक्यात जातो, आधी गरम पाण्यातून काढून चार दिवस बाल्कनीत टाकूया. माझं डोकंच फिरलं. माझ्या आईने वर्षानुवर्षं जपलेलं, आणि यांना त्यात वास येतो! मी सरळ सांगितलं की माझ्या माहेरच्या वस्तूला नावं ठेवू नका. तेव्हापासून त्या पडलेली बाळोती मुकाट्याने धुतात. मला वाईट वाटलं, पण माघार घेतली नाही. तुझीच मुलगी.

बाळ किती शहाणं आहे म्हणून सांगू. रडतच नाही. दुपट्यात गुंडाळलं की झोपतो तो झोपतोच, दूध प्यायलासुद्धा उठवावं लागतं. थोडा पिवळा दिसतोय. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं होतं की पिवळेपणा वाढतोय का बघा आणि सोमवारी दाखवायला आणा. सासूबाई सकाळी त्याला खिडकीशी कोवळ्या उन्हात धरतात.

तू कधी येतेस? गाईला म्हणावं लवकर वी. माझ्यावर आहे तेवढीच माया त्याच्यावर कर, जास्त नको, मला हेवा वाटेल.

तुझी
क्षितिजा

*

नायगाव (पूर्व)
२८ ऑक्टोबर २०२४

प्रिय सुमेधदादास,
तुझ्या लहान बहिणीचा नमस्कार. तुमच्या छावणीवर फोन लागत नाही, म्हणून लिहितेय. आणि खरं सांगायचं तर फोनवर मला हे बोलताच आलं नसतं.

तुझा भाचा मरता मरता वाचलाय. आता घरी आहे, दूध पितोय, म्हणून हात चालतोय.

आईला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाई लंगोट धुवायला घेऊन गेल्या आणि तशाच परत आल्या. पांढऱ्या कापडावर चहा सांडावा तसा डाग होता. त्या म्हणाल्या, बाळाची शू अशी नसते, आत्ताच्या आत्ता ऊठ. मी म्हणत होते, सोमवारी जायचंच आहे. त्यांनी ऐकलं नाही, बाळाला उचललं आणि लिफ्टशी जाऊन उभ्या राहिल्या. पुडीतला डायपर असता तर तो डाग कुणाला दिसलाही नसता.

माणिकपूरच्या हॉस्पिटलात त्याला लगेच काचेच्या पेटीत निळ्या दिव्याखाली ठेवलं. कावीळ इतकी चढली होती की मेंदूवर जाईल म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याच्या अंगातलं रक्त थोडं थोडं काढून दुसरं घालावं लागलं. एवढंसं पोर रे. मी काचेला हात लावून बसले होते.

मग डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं की बाळाचे कपडे कुठे ठेवलेले होते? जुन्या ट्रंकेत? डांबराच्या गोळ्या होत्या? दादा, मी नाही म्हणाले. तोंडातून तेच आलं. सासूबाई शेजारी होत्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि हो म्हणून सांगितलं.

आपल्या बाळाच्या रक्तात एक द्रव्य जन्मतः कमी आहे. ते कमी असलेल्या मुलांच्या लाल पेशी डांबरगोळीच्या वासानेही फुटतात, कातडीतून, श्वासातून. कापड धुतलं तरी तो अंश पुरता जात नाही, आणि मी तर धुतलंही नव्हतं. ते द्रव्य कमी नसलं तरी कुठल्याच तान्ह्या बाळाजवळ त्या गोळ्या नकोत असं त्या म्हणाल्या. हा दोष आईकडून मुलाला जातो. म्हणजे माझ्यातून त्याला आला.

आता मुद्द्याचं. आईला मी एवढंच कळवलंय की कावीळ झाली होती, दिव्याखाली ठेवलं, उतरली. गोळ्यांचा शब्दही लिहिला नाही. का, ते तुला सांगायला नको. वाडीतल्या शत्रुघ्नदादाच्या सुरुचीवहिनीचं बाळ आठव. दोन वर्षांपूर्वी बारशाच्या आधीच गेलं. पिवळं होऊन. त्याला पहिलं लंगोट आईनेच बांधलं होतं. सगळी वाडी म्हणाली की सुरुचीचं दूध बाधलं. आईला हे कळलं तर तिच्या मनात पहिलं काय येईल? ती जेवणार नाही, झोपणार नाही. बाबा गेल्यावर तिला तेवढंच एक राहिलंय, वाडीतल्या बाळांची लंगोटं.

म्हणून तूही बोलू नकोस. मी चुकतेय का, ते मला माहीत नाही. एकदा तर आईचा भयंकर राग आला, आणि तो आला म्हणून स्वतःचा आला. तू असतास तर तुझ्याशी भांडून मोकळी झाले असते.

जपून राहा. दूर असलास तरी पाठीशी आहेस, असाच राहा.

तुझी
क्षितिजा

*

कातळशेत, खालची वाडी
५ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. क्षितिजा हीस,
आशीर्वाद, आणि बाळराजांना दोन जास्त.

तुझं पत्र वाचून काळजाचं पाणी झालं होतं, शेवटच्या ओळीला आले तेव्हा जिवात जीव आला. कावीळ काय, बाळांना होतेच. तरी मी देवापुढे नारळ ठेवला. तू फार दमली असशील. पत्र एवढं लहान का लिहिलंस? काही लपवत तर नाहीस ना माझ्यापासून? दूध येतंय ना? डिंकाचे लाडू करून ठेवलेत.

इकडे आनंदी आनंद आहे. भात झोडून झालं. गाय व्याली, पाडी झाली. आणि सिद्धेशच्या तेजस्वीची सुटका झाली, मुलगी झाली, गोरीपान. ती माहेरी न जाता इथेच आहे. दिवाळीचा फराळ घेऊन गेले होते, तेव्हा ट्रंकेतली राहिलेली लंगोटं आणि दोन दुपटी देऊन आले. त्यातली बारा तुला पाठवायची म्हणून ठेवली होती, पण म्हटलं, तुझ्याकडे जिराफ आहेत.

आणखी एक बातमी, तुला बरं वाटेल. सुरुचीला पुन्हा दिवस गेलेत, पाचवा लागला. पोरीच्या तोंडावर मात्र हसू नाही. तिच्या सासूने आत्तापासूनच सांगून ठेवलंय की या खेपेला बाळाला आईचं दूध अजिबात द्यायचं नाही, डब्याची पावडरच. सुरुची मान खाली घालून ऐकते. मी तिला म्हटलं, तू घाबरू नकोस, तुझ्या बाळाचीही लंगोटं माझ्याकडेच. आजच जुनी पातळं काढून ट्रंकेत नव्या गोळ्या टाकल्यात.

बारसं कधी करताय ते कळव, म्हणजे निघते. सगळ्यांना नमस्कार. आठवण काढत जा, म्हणजे मला उचक्या लागतील आणि बरं वाटेल.

तुझी
आई

*

नायगाव (पूर्व)
१० नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
शि. सा. न. आज बाकी काही लिहायला सुचत नाही, तरी नमस्कार पोचू दे.

तुझं पत्र काल मिळालं. वाचताना तेजस्वीच्या नावाशी आले आणि पत्र तिथेच खाली ठेवलं. उभ्या उभ्या सिद्धेशच्या दुकानावर फोन लावला. त्याला म्हटलं, दुकान तसंच टाक, खाली जा आणि बाळाच्या अंगावरचं माझ्या आईने दिलेलं सगळं काढ, आणि मुलीला आजच्या आज राजापूरला डॉक्टरकडे ने. तो बिचारा घाबरला. का म्हणून विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. मुलगी ठीक आहे, कावीळ अगदी थोडी, डॉक्टरांनी घरी सोडलं. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं वाचताना तो घोर नको.

तुला कुणाच्या तोंडून अर्धंमुर्धं कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र स्पीडपोस्टाने टाकतेय. आई, बाळाची कावीळ साधी नव्हती. त्याचं रक्त बदलावं लागलं. त्याच्या रक्तात जन्मापासून एक उणीव आहे, ती आईकडून येते, म्हणजे माझ्याकडूनच, आणि ज्यात ती उणीव असते त्या बाळाला डांबराच्या गोळ्यांचा वास म्हणजे विष. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. लंगोटांमुळेच झालं.

मी तुला सांगितलं नाही. तू सरळ विचारलंस, काही लपवत नाहीस ना, म्हणून. लपवत होते. मला वाटलं, मी तुला वाचवतेय. आणि तेवढ्यात तू तीच कापडं दुसऱ्या बाळाला दिलीस. तिला काही झालं असतं तर ते माझ्या माथी आलं असतं, तुझ्या नाही.

तुझी चूक नाही असं लिहिणार होते, दोनदा लिहून खोडलं. तुला माहीत नव्हतं. तू प्रेमाने दिलंस. पण मला राग आला होता, आई. तो काचेत असताना मी मनात तुला खूप बोलले. ते आता नाही, पण होतं, आणि तुझ्यापासून आता काहीच लपवायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहिलं.

ट्रंकेतल्या गोळ्या काढ. ते कापड कुणालाही देऊ नकोस. सुरुचीवहिनीला तर नाहीच. त्यांच्या पहिल्या बाळाचं नाव मी काढणार नव्हते, पण तुझ्या मनात ते आलंच असेल. त्या वेळी कुणी तपासणी केली नव्हती. तेच झालं असेल असं आज कुणीही सांगू शकत नाही. नसेलही. एवढं मात्र मी डॉक्टरीणबाईंना मुद्दाम विचारून घेतलंय की आईचं दूध बाधून बाळ असं जात नाही.

लगेच लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझी
क्षितिजा

*

नायगाव
२२ नोव्हेंबर २०२४

श्रीमती जयवंतीताई विहीनबाई यांस,
भागूबाईचा नमस्कार. माझं अक्षर बघून हसू नका, शाळा सुटली तेव्हापासून भाजीच्या पाट्याच उचलल्या. कल्पेश लिहून देतो म्हनाला, पन हे मला माझंच लिहायचं होतं.

तुमचं पत्र नाही. सिद्धेश फोनवर सांगतो, काकू बऱ्या आहेत, कामाला लागल्यात. एवढंच. इकडे तुमची लेक रोज खाली वॉचमनला विचारते, पत्र आलं का. ताटात घेतलेलं तसंच ठेवते. अंगावरचं पाजनारी बाई अशी उपाशी राहिली तर कसं व्हायचं?

खरं सांगते. मला तुमचा राग आला होता. अजून थोडा आहे. मी वासाचं बोलले तर मलाच ऐकून घ्यावं लागलं, आनि मग मी दुसऱ्यांदा बोलले नाही, कारन सून म्हनेल की सासू माहेरावर उठली. दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं. त्याचा राग मला माझा आहे. पन घरात कुनाचा कुनावर राग असला म्हनून कोनी येनं-जानं बंद करतं का?

बाळ बरं आहे. कुकरची शिट्टी झाली की दचकतं, मला तेवढं पुरे, पन एवढ्या काविळीने कान जाऊ शकतात म्हनून डॉक्टरीनबाई कानाची तपासनी पुढं करनार आहेत. ती होईपर्यंत आमच्या सगळ्यांच्या जिवाला घोर आहे. त्याला काय द्यायचं नाही, काय हुंगवायचं नाही, ते कल्पेशने लिहून फ्रिजवर लावलंय. लंगोट आम्ही आता नव्या मलमलीचे शिवतो. टँकर आला की आधी बाळोती धुवून घेते, मग पुरुषांच्या आंघोळी. पुडीतले डायपर आनायला मीच सांगत होते, आता मीच आनू देत नाही. डाग दिसायला हवा.

बारसं तुमच्यावाचून होनार नाही. मी तसं सगळ्यांना सांगितलंय. शेजारपाजार विचारतात, बाळाचं नाव काय, आनि आम्ही बाळ बाळ करत बसलोय. किती दिवस त्याला बिननावाचं ठेवायचं ते तुम्ही ठरवा.

राग धरा, पन या.

तुमची विहीन
भागूबाई

*

कातळशेत, खालची वाडी
२९ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. क्षितिजा हीस,
आशीर्वाद. विहीणबाईंचं पत्र पोचलं. त्यांना म्हणावं, अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे.

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायला बसले की कागद फाडून टाकायचे. राग तुझ्यावर होता. गोळ्यांचं सांगितलंस म्हणून नाही, लपवलंस म्हणून. तो पोरगा काचेत होता तेव्हा मी इथे चकल्या तळत होते, क्षितिजा. शेजारणींना हसून सांगत होते की आमची कावीळ उतरली. मला जपायला निघालीस, मी काय काचेची आहे? तुला राग आला होता म्हणतेस. यायलाच हवा होता. मला बोलायचं होतंस तोंडावर. मी रडले असते, ओरडले असते आणि पहिल्या गाडीने आले असते.

ट्रंक रिकामी केली. सगळी कापडं मागच्या परसात जाळली. तेजस्वीने तिच्याकडची आणून दिली, ती दारातूनच दिली आणि दारातूनच गेली. तुझ्या बाबांच्या धोतराचे तुकडे हातात आले तेव्हा मात्र बसले खाली. मग तेही टाकले आगीत. वास एवढा आला की पाडी दोरी तोडायला बघत होती. मी इतकी वर्षं त्या वासाला स्वच्छतेचा वास समजत होते. तू लिहिलंस की ती उणीव आईकडून येते. म्हणजे रक्तही बहुतेक माझंच, आणि कापडही माझंच.

मग सुरुचीकडे गेले. तू लिहिलंस की तेच झालं असेल असं कुणी सांगू शकत नाही. त्या ओळीवर मी पुष्कळ दिवस काढले, अगदी धरून बसले होते. नसेलही, नसेलही. पण तिचं दूध बंद करायला निघालेत, आणि हे मला एकटीला माहीत आहे, असं तोंड मिटून मला तिच्या घरावरून जाता येईना. ती भांडी घासत होती. मी उभ्यानेच सांगितलं सगळं. तुझ्या बाळाला काय झालं, लंगोटांना काय लागलं होतं, तिच्या बाळाला मी तेच बांधलं होतं. आणि डॉक्टर म्हणतात, दुधाने असं होत नाही.

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, अंगावर येते की काय. तिने एवढंच विचारलं की माझ्या दुधाचं नव्हतं ना? मी नाही म्हटलं. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मग तिने हात पुसले, मला दंडाला धरून पडवीत नेलं आणि सासूसमोर उभं केलं. म्हणाली, आता हे इथे सांगा, काकू, मोठ्यांदा सांगा. शत्रुघ्न जेवत बसला होता, तो तसाच ताटावर थांबला. मी मोठ्यांदा सांगितलं. दोन वर्षं त्या पोरीला सगळ्यांनी विषारी ठरवलं होतं. तिची सासू पदर तोंडाला लावून आत गेली.

सुरुची म्हणाली, आता तुम्ही जा. पुन्हा माझ्या दारात येऊ नका.

तिने मला माफ केलेलं नाही, मीही तसं मागितलं नाही. विहिरीवर दिसली तर ती दुसऱ्या बाजूला जाते. वाडीत मला आता कुणी लंगोटं मागणार नाही, मागू नयेच. पण काल शत्रुघ्न येऊन अंगणातच उभ्याने सांगून गेला की पुढच्या आठवड्यात तिला तपासणीला राजापूरला नेतोय, बाळाचं रक्त कसं तपासतात ते विचारून घेणार आहे, आणि पावडरीचा डबा घरात आणायचा नाही असं आईला सांगितलंय.

गाईची सोय लावली. सोमवारच्या एसटीने निघते. बाळासाठी काहीच आणत नाही. लाडू तुझे आहेत, ते स्टीलच्या डब्यात नवे करून भरलेत. अंगावरचं लुगडं ट्रंकेतलं नाही, दोरीवरचं आहे, दोनदा धुतलंय. आल्या आल्या आंघोळ करीन, मग त्याच्याजवळ येईन. विहीणबाईंनी आधी माझा वास घ्यावा आणि हवं तर पुन्हा आंघोळीला पाठवावं, मी हूं की चूं करणार नाही.

त्याला माझ्या हातात देताना घाबरू नकोस असं मी तुला लिहिणार नाही. घाबर. पण दे.

तुझी
आई